चेनकाकूंची वहिवाट

वाट माणसांच्या पायांनी तयार होते आणि समितीच्या स्थापनेने टिकते, याबद्दल आता जाणकारांत दुमत उरलेलं नाही. वसाहतीमागच्या माळावरून पलीकडच्या वस्तीत जाणारी पायवाट धोक्यात आली, तेव्हा ती वाचवायला पंधरा दिवसांत एकशे सेहेचाळीस स्वयंसेवक पुढे आले. त्या वाटेने चालत जाणारं माणूस मात्र त्या वेळी एकच होतं. ते म्हणजे चेनकाकू.

काकू कोपऱ्यावरच्या खोलीत शिलाई मशीन घेऊन बसत. पँट, दप्तर, जॅकेट, प्रवासाची बॅग, कशाचीही अडकलेली चेन त्या बदलून देत, म्हणून हे नाव. (खरं नाव मतदारयादीत आहे. तेही चुकीचं छापलेलं.) दुपारी चारच्या ठोक्याला त्या मशीनवर कापड टाकत, पायांत बूट चढवत आणि अठरा मिनिटांत माळ ओलांडून धाकट्या बहिणीकडे पोचत. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे, चहा घ्यायचा, एखाद्या चाळीस वर्षं जुन्या विषयावर वाद घालायचा आणि साडेपाचला परत निघायचं. असं अकरा वर्षं चाललं होतं. यात समाजकार्य आहे, हे काकूंच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते एका सरकारी नोटिशीने ध्यानात आणून दिलं. माळावर जप्त केलेल्या गाड्या ठेवायचं आवार होणार होतं. त्याला अडसर एकाच नियमाचा होता. जिथून लोकांची वहिवाट आहे, ती जागा बंद करता येत नाही. आणि वहिवाट म्हणजे काय, हे नियमात स्वच्छ लिहिलं होतं: गरजेपोटी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नित्य जाणं. आरोग्यासाठी, आनंदासाठी, फोटोंसाठी किंवा वाट वाचवण्यासाठी केलेलं चालणं हे चालणं धरलं जाणार नव्हतं.

समितीने कंबर कसली. अध्यक्षपदी वसाहतीतले दंतवैद्य एकमताने निवडून आले. (दुसरा उमेदवार त्या दिवशी त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून बसला होता.) वर्षभरात समितीने वाटेवर चौदा फलक लावले. त्यांतले नऊ काय करू नये हे सांगत, चार समितीबद्दल माहिती देत, आणि एक फलक पुढे फलक आहे अशी सूचना देई. दर रविवारी साफसफाई होई. तिला स्वयंसेवक आपापल्या गाड्यांतून येत आणि गाड्या माळावरच लावत, कारण माळ मोकळा होता. जागा पुरेना, तेव्हा त्यासाठी वेगळी उपसमिती नेमण्यात आली.

सर्वांत मोलाचं काम म्हणजे काकूंचं जतन. रोज चार वाजता दोन स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशी वही घेऊन बसत आणि लिहीत: जाणं एक. पावणेसहानंतर: येणं एक. खुद्द अध्यक्षांनी काकूंचे दात तपासले आणि चालण्यास योग्य ठरवले. पावसात भिजत निघालेल्या काकूंना एका शेजाऱ्याने गाडीत बसवून रस्त्याने पलीकडे सोडलं, तर त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. माणुसकी म्हणून असं घडलं, असं त्याने लिहिलं. पुन्हा घडणार नाही, असंही लिहिलं.

वही भरत आली असतानाच धाकटी न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. काकूंनी आठ दिवस खेपा दुप्पट केल्या. (समितीच्या आलेखात हा काळ सुवर्णकाळ म्हणून दाखवला आहे.) नवव्या दिवशी त्यांनी बहिणीला घरीच आणायचं ठरवलं. त्याच दुपारी समितीचं शिष्टमंडळ दारात उभं राहिलं.

"हात डावा की उजवा?" अध्यक्षांनी विचारलं.

"उजवा."

शिष्टमंडळाने एकमेकांकडे पाहिलं. डावा असता तर मार्ग निघाला असता, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"काकू, आणायची घाई नको," अध्यक्ष म्हणाले. "जे काही लागेल ते तिथेच करू."

"घाई कसली? तिला स्वतःची वेणी घालता येत नाही."

"वेणीला स्वयंसेवक देतो की."

"ती माझ्याखेरीज कुणाला डोक्याला हात लावू देत नाही. मला तरी कुठे धड लावू देते!"

"मग असं करा," अध्यक्षांना अचानक सुचलं. "तुम्हीच तिकडे राहायला जा आणि रोज इकडे कामाला चालत या. वाट तीच."

"तिकडे मशीन मावत नाही," काकू म्हणाल्या आणि एका बॅगेची चेन ओढून पाहू लागल्या. चर्चा संपली असं मानून शिष्टमंडळ परतलं.

बसचे हादरे नकोत म्हणून धाकटी वाटेनेच चालत आली. एक हात गळ्यात, दुसऱ्यात पिशवी, मागे काकू. त्या दिवशी वहीत जाणं एक आणि येणं दोन अशी नोंद झाली. हिशेब जुळेना, म्हणून शेरा मारला गेला: "एक व्यक्ती परत जाणे बाकी."

पहिले दोन दिवस दोघींना फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून धाकटी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलू लागली. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे कुणाचंही बोलणं मधूनच ऐकायची आणि मधेच तोडायची तिला सवय होती. गिऱ्हाईक आलं की काकूंच्या आधी तीच उत्तर द्यायची. काकूंनी उघडलेली खिडकी ती लावायची, लावलेली उघडायची. बहिणीवरची आपली माया अठरा मिनिटांच्या अंतरावरून उत्तम चालते, हे काकूंच्या हळूहळू लक्षात आलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मोडक्या हाताच्या माणसाबद्दल असं मनात येतं याचीच त्यांना लाज वाटत होती.

पाचव्या आठवड्यात सरकारी पाहणीचा दिवस ठरलेला होता. धाकटी आल्यापासूनच समिती त्या तयारीत इतकी गुंतली की वही घेऊन बसायला कुणी उरलं नाही. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष हळूच येऊन म्हणाले, "काकू, बहीण इथे आहे हे साहेबांना सांगायलाच हवं असं नाही. पलीकडे जाता का विचारलं तर नुसतं हो म्हणा."

"बरं," काकू म्हणाल्या.

साहेब म्हणजे एक शांत बाई निघाल्या. हातात कागद अडकवलेली फळी, पायांत धुळीने माखलेले जोडे. बसथांब्यापासून त्या चालत आल्या होत्या. वाटेच्या तोंडाशी एकशे सेहेचाळीसजण एकसारख्या टोप्या घालून उभे होते. धाकटीही हात गळ्यात अडकवून काकूंच्या शेजारी उभी होती. तिला घरी बसवण्याचे सर्व प्रयत्न फसले होते.

"पलीकडे रोज जाता?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कशाला?"

"बहिणीकडे."

"ती बहीण मी," धाकटी म्हणाली. "मी महिनाभर हिच्याकडेच आहे."

अध्यक्षांनी टोपी काढून पुन्हा घातली. बाईंनी वर पाहिलं. "मग आता जात नाही?"

"जाते," काकू म्हणाल्या. "कुंडीला पाणी घालायला."

"कुंड्या किती?"

"एक."

"एका कुंडीला रोज?"

काकूंनी धाकटीकडे पाहिलं नाही. मशीनवर बसून बसून वाकलेल्या पाठीने त्या जराशा ताठ उभ्या राहिल्या. "तिच्या खोलीत खुर्ची आहे. अर्धा तास बसते. तिथे कुणी बोलत नसतं."

धाकटीने मधेच तोडलं नाही, आणि काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"त्या कुंडीतलं झाड गेल्या उन्हाळ्यातच वाळलं," धाकटी शेवटी बाईंना म्हणाली. "ही पाणी घालायला जाते म्हणायची, तेव्हाच मी समजले. मीच तिला किल्ली काढून द्यायचे. ती गेली की मलाही बरं वाटतं. पण साडेपाच वाजून गेले की मी खिडकीत जाऊन उभी राहते. लिहायचं तर हेही लिहा."

बाईंनी ते लिहिलं. गरजेच्या रकान्यात त्यांनी "आहे" असं लिहिलं, थोडा विचार केला आणि पुढे "तीव्र" असं घातलं.

प्लॅस्टर निघाल्यावर धाकटी आपल्या घरी गेली. काकू पुन्हा चारला निघतात. निकालही आला. वाट एक वर्षासाठी कायम, मात्र एकाच कुटुंबाची वहिवाट पुढे पुरेशी धरली जाणार नाही. नात्याबाहेरचं आणखी एक तरी माणूस गरजेपोटी पलीकडे जाणारं हवं.

समितीने घरोघरी चौकशी केली. पलीकडे जायची गरज असलेला स्वयंसेवक एकही निघाला नाही. पलीकडे माणसं असलेले एक्केचाळीस निघाले. अध्यक्षांचे सख्खे थोरले भाऊ तर वाटेच्या त्या टोकालाच राहतात. "संबंध आहेत," अध्यक्ष म्हणाले, "फोन असतो." शेवटचा फोन कधी झाला, हे त्यांना पटकन आठवलं नाही.

तेव्हा त्या दुसऱ्या चालणाऱ्याची जागा अजून रिकामी आहे. वयाची, शिक्षणाची अट नाही. अर्ज छोटा आहे, दोनच प्रश्नांचा: पलीकडे तुमचं कोण राहतं, आणि त्यांच्याकडे तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? वाट कुठली आहे हे मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्याला जायचं असतं, तो ते विचारत नाही.