‘कोंतिन्यू’ कुठे तोडायचा?

क्रियापद फोडावं ते जिलबेर्तबाईंनीच, असा त्या फ्रेंच गावात लौकिक होता. निदान जिलबेर्तबाईंचं तरी तसं म्हणणं होतं. शाळेत व्याकरण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा आनिसे नगराध्यक्षपदाला पुन्हा उभा राहिला, तशी प्रचाराची भाषा त्यांनी आपल्या ताब्यात घेतली.

घोषणा सुटसुटीत होती: ‘नोत्र मेर कोंतिन्यू’, म्हणजे आपले नगराध्यक्ष पुढेही चालू. पण बाजाराच्या रस्त्यावरची त्यांच्या गोठ्याची भिंत अरुंद निघाली. शेवटचा शब्द ओळीत मावेना.

“मूळ धातू वर, प्रत्यय खाली,” रंगारी फ्युल्बेर शिडीवरून म्हणाला. तो बाईंचाच विद्यार्थी. “तुम्हीच शिकवलंत, बाई.”

“ते वहीत. प्रत्यय म्हणजे शेवटचं एकुलतं एक अक्षर, तेही उच्चारात न येणारं. ते खाली काय करणार, भीक मागणार? ओळीच्या शेवटी शब्द उच्चारावर तोडतात. कों, ति, न्यू.”

“मग ‘कोंति’ वर, ‘न्यू’ खाली.”

बाईंनी कानांवर हात ठेवले. “न्यू म्हणजे नागडी! माझ्या नवऱ्याच्या पदाखाली? ‘कों’वर तोड.”

फ्युल्बेरनं ‘कों’पर्यंत रंगवलं, पुढे एक आडवी रेघ ओढली. इतक्यात बाराची घंटा झाली. शिडी तिथेच सोडून तो जेवायला गेला.

आता ‘कों’ हा त्या भाषेत सुटा शब्दही आहे. अर्थ येडपट, तोही शिवीच्या अंगानं. बाजार नेमका तेव्हाच उठला आणि अख्ख्या गावानं भिंतीवर हातभर अक्षरांत वाचलं: आपले नगराध्यक्ष येडपट.

“विरोधकांनी गाठलं रे तुला, आनिसे,” चीजवाली म्हणाली.

“त्यांची काय हिंमत? भिंत घरचीच आहे,” खाटीक म्हणाला.

बाई चुन्याची बादली घेऊन धापा टाकत आल्या, तेव्हा आनिसे भिंतीसमोर हात मागे बांधून उभा होता.

“इथे कुणी तोडलं?”

“मी. नियमाला धरून आहे,” बाई पुटपुटल्या आणि बादलीत ब्रश बुडवला.

“राहू दे. पुसलंस तर लोकांना खरं वाटेल.”

जेवून आल्यावर फ्युल्बेरनं खाली ‘तिन्यू’ रंगवलं. तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माणसं मात्र लांबून येऊन वरच्या ओळीपाशी फोटो काढत होती.

रविवारी आनिसे पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला. जेवताना त्यानं ग्लास उचलला. “सहा वर्षांत माझा एकही फलक लोकांनी शेवटपर्यंत वाचला नव्हता, बघ.”

जिलबेर्तबाईंनी त्याला सॅलड वाढलं.

“हाही नाही वाचला,” त्या म्हणाल्या.