इंदूकाकींची फलटण

मार्गासनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या इंदूकाकी बायकांना नावाने हाक मारत नाहीत, किलोने मारतात.

"अठ्ठ्याहत्तर, आज उशीर का?"

"चौसष्ट, नुसती बडबड नको, पाय उचल."

सरपंचीणबाई ब्याऐंशी पॉइंट चार आहेत. हुद्द्याचा मान म्हणून काकी त्यांचा पॉइंटसुद्धा गाळत नाहीत. एखादीचं किलोभर उतरलं की तिचं नाव बदलतं. त्याचं रीतसर बारसं होतं आणि पेढ्यांऐवजी काकडी वाटली जाते.

याला थोडी मीही जबाबदार आहे. माझं नाव मंदा, काम आशा सेविकेचं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आम्हाला सांगितलं होतं, की पाळी गेल्यावर अंगावर जास्त वजन राहिलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून बायकांचा गट करा, रोज चालायला लावा, तेल-साखर आवरा, दर आठवड्याला वजन घ्या. आणि गाठ लागली तर लगेच दाखवायला सांगा.

मी सगळ्या गावाला देवळात जमायचा निरोप दिला. पहिल्या दिवशी एकट्या इंदूकाकी आल्या. वय साठीला टेकलेलं, अंगाने काटकुळ्या. वजन भरलं त्रेचाळीस.

"काकी, तुम्हाला वजन कमी करायची गरज नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"बरं," काकी म्हणाल्या, "मंग दुसऱ्यांचं करते."

दुसऱ्या दिवशी अकरा बायका हजर होत्या. त्यांना कसं आणलं हे मी विचारलं नाही. देवळाची फरशी वाकडी आहे असं कारण देऊन वजनकाटाही काकींनी स्वतःच्या घरी नेला. काट्यावर चढताना त्या बांगड्या काढायला लावतात, जोडवी काढायला लावतात. आकडा पाहून कुणी रडकुंडीला आली तर म्हणतात, "काटा काय माझा मामा लागतो?"

सकाळी वेल्ह्याच्या रस्त्याने फलटण निघते. पहिल्याच आठवड्यात एक टेम्पोवाला थांबला.

"कुठं जायचंय मावशी? बसा."

"कुठं न्हाई."

"मग चाललाय कुठं?"

"आरं, कुठंच न्हाई. म्हागारी फिरायचंय."

तो बराच वेळ बघत राहिला. बारा बायका कामाशिवाय रस्त्याने जातात आणि तशाच परत येतात, हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. गावात चर्चा व्हायला लागली. काकींनी तोडगा काढला, की प्रत्येकीने हातात दुधाची रिकामी किटली घ्यायची. चर्चा थांबली. त्याऐवजी पुढच्या वळणावर नवी डेअरी निघाल्याची बातमी पसरली आणि दोन माणसं खरंच दूध घेऊन तिकडे जाऊन आली.

तेलाचा बंदोबस्तही त्यांनी केला. घरोघरी जाऊन तेलाच्या डब्यावर कुंकवाची रेघ ओढली. महिना संपायच्या आत तेल रेघेखाली जायचं नाही. सगळ्या बायकांनी हा नियम पाळला. कुंकू प्रत्येकीच्या घरी असतं, हे काकींच्या लक्षात यायला तीन महिने गेले.

तरी वजनं उतरत होती. अठ्ठ्याहत्तरची चौऱ्याहत्तर झाली. वरच्या आळीची कमल, म्हणजे एकाहत्तर, अडुसष्टवर आली. तिच्या बारशाला दोन काकड्या जास्त आणल्या होत्या.

आणि मग कमल यायची बंद झाली. तीन दिवस झाले तेव्हा काकी मला घेऊन तिच्या घरी गेल्या. कमल भांडी घासत होती.

"पाय दुखतोय काकी."

"कुठला?"

कमल खाली मान घालून घासतच राहिली. काकींनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. मग तिने हळूच सांगितलं. डाव्या बाजूला काखेजवळ गाठ लागली होती. घरात कुणाला बोलली नव्हती. "दुखत न्हाई ओ. एवढी भात काढणी झाली की बघते."

काकींचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"हात धू," त्या म्हणाल्या. "लुगडं बदल. आत्ताच्या आत्ता."

कमलची सासू बाहेर आली, खळ्यात माणसं लागतील म्हणाली. काकी म्हणाल्या, "म्या येते उद्या खळ्यात. हिच्या वाटचं म्या करते. पर आज ही येनार." आणि आम्ही तिघी एसटीने भोरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, सुईने गाठीतला नमुना काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी.

ते आठ दिवस काकींनी कुणाला किलोने हाक मारली नाही. नावानेही मारली नाही. सकाळी चालायच्या, मग कमलच्या खळ्यात राबायच्या आणि घरी जायच्या.

रिपोर्ट घ्यायलाही आम्ही तिघीच गेलो. साधी गाठ होती. कॅन्सर नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, एवढंच. कमल तिथल्या बाकावर बसून रडली आणि परतीच्या एसटीत काकींच्या खांद्यावर झोपून गेली.

नसरापूर मागे पडल्यावर काकी खिडकीबाहेर बघत बोलल्या.

"मंदे, माझी जाऊ तारा. तुझ्या लग्नाच्या आदीच गेली. एका चुलीवर वीस वर्सं काढली आमी."

ताराकाकी कशाने गेल्या हे गावात कुणी बोलत नसे.

"तिनं गाठीचं कुनालाच सांगितलं न्हाई, आसं घरात म्हनत्यात. मला सांगितलं व्हतं. चुलीपाशी बसून, लाजत. म्या म्हनले, भात काढणी व्हऊ दे, मंग जाऊ." त्या थांबल्या. "भात लई आलं त्या साली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लई खायला घालायचे म्या तिला. तिला ग्वाड आवडायचं. त्यानं झालं आसंल का?"

"तसं कुणालाच सांगता येत नाही काकी. बारीक बायकांनाही होतो."

"व्हय?" त्या म्हणाल्या. मग पदर सावरून, बाहेरच बघत म्हणाल्या, "मंग माझं पन तपासून घ्यायला पायजे. म्या कदी दाखवलंच न्हाई. भ्याव वाटतं."

"मी येते ना तुमच्याबरोबर."

"सोमवारी?"

"सोमवारी."

मार्गासनीचा थांबा जवळ आला तसा कंडक्टर दोरीकडे हात नेऊ लागला. कमल अजून झोपलेलीच होती. काकींनी खांदा तसूभरही हलवला नाही. फक्त बोट वर करून त्याला दबक्या आवाजात दटावलं, "घंटी जरा हळू मार, बाबा."