दिगंबर काकाजींचा दहावा मजला

आमच्या शेजारचे दिगंबर काकाजी घरात, अंगणात, अगदी दळण आणायला जातानासुद्धा गळ्यात निळ्या फितीचं एक कार्ड घालून असतात. ती एका खोलीची चावी आहे. खोली मात्र आमच्या जैनथ गावात नाही. ती समुद्रात कुठंतरी फिरत असेल आणि तिच्यात दुसरंच कोणी घोरत असेल. "कार्ड वापस मांगलं नाई त्याईनं," काकाजी सांगतात. "म्हणजे खोली आपलीच हाये. सध्या भाड्यानं देल्ली."

आता जैनथहून समुद्र किती लांब, हे मी सांगायला नको. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. अशा गावातून क्रूझवर जाऊन आलेलं जोडपं एकच, काकाजी आणि राधाकाकू. हैदराबादच्या लेकीनं पाठवलं होतं. तेही साध्या खोलीत नाही, सुईटमध्ये. म्हणजे बोटीतली सगळ्यांत मोठी, बाल्कनीवाली, मानाची खोली. तेव्हापासून गावाला बोटीत चढायचं शिकवायचा विडाच काकाजींनी उचलला आहे.

मूळचे ते कंडक्टर. जन्म गेला आदिलाबादच्या बसमध्ये "पुढं सरका, पुढं सरका" करण्यात. रिटायर झाले तरी सकाळी स्टँडवर हजर. कापूस वेचायला निघालेल्या बाया बसमध्ये चढत असल्या की ह्यांचं सुरू. "बाई, गाठोडं खालीच देऊन टाक. चिठ्ठी लावते ते लोक. मंग गाठोडं आपोआप खोलीत येते."

"कोणत्या खोलीत, बापा? मी तलमडुगूले चालली."

"तिकीट दाखवताना हसजो. फोटो काढते."

बस धूळ उडवत निघून जायची आणि काकाजी मागून ओरडत असायचे, "गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवजो!"

मी त्यांना खूप हसले आहे, खोटं कशाला बोलू? माझं मॅचिंग सेंटर स्टँडसमोरच आहे. ब्लाऊजपीस फाडता फाडता हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळायचा. मग एक दिवस पुण्याहून आमच्या पोरीचा फोन आला, "आई, तुमचं आणि बाबांचं क्रूझचं बुकिंग केलंय. सुईट आहे." मी फोन ठेवला, वळून पाहते तर काकाजी दुकानाच्या पायरीवर उभे. कुठून कळलं देव जाणे. डोळे असे चमकत होते की जणू त्यांचीच लेक सासरी निघाली आहे.

"सुमन, संध्याकाळी मास्तरले घेऊन ये. बाकी गाव नुसतं ऐकते. तुमी तं खरंच चालले!"

मास्तर म्हणजे आमचे हे. गणिताचे शिक्षक. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्वदीर्घ तपासतात, मग कोणाचं लग्न ते बघतात.

संध्याकाळी गेलो. ओसरीवर खाटेवर राधाकाकू वाती वळत बसल्या होत्या. काकूंचं मागल्या वर्षापासून विसरणं फार वाढलं आहे. आधी दूध उतू जायचं, मग लेकीचं नाव आठवेना. आता तर एखाद्या सकाळी काकाजी चहा घेऊन आले की विचारतात, "तुमी कोणाकडले?" आणि दिवस दिवस बोलत नाहीत. एके काळी ह्या बाईचं हसणं चार घरं ओलांडून ऐकू यायचं हो!

काकाजींनी मात्र शिकवणी थाटात सुरू केली. "पयली गोष्ट. मोठ्या ब्यागा बंदरावरच घेऊन घेते. खोलीत याले संध्याकाळ होते. म्हून गोळ्या, चष्मा अन् एक लुगडं हातात. दुसरं, आधारकार्ड अस्सल पाह्यजे, झेरॉक्स नाई चालत. इस्त्री नेऊ नको, काढून घेते. फोन बोटीत चढल्याबरोबर विमानाच्या खुणेवर टाकजो, नाई तं बिल पाहून चक्कर येईन. अन् चढल्यावर भोंगा वाजते, जीव वाचवाची तालीम असते. तवा भज्याच्या मागं पळू नको."

"आणि सुईटचं काय?" मी विचारलं.

काकाजी सावरून बसले. "सुईटवाल्याची लाईनच येगळी. टोपलीभर फळं येते खोलीत. गाऊन, चपला, सारं त्याईचं. नाटकाले पुढची खुर्ची. अन् एक पोरगा दिला राह्यते दिमतीले, बटलर. थो इचारते, आणखी काय पाह्यजे? तवा लाजू नको, चहा मांग. आमची खोली व्हती सातव्या मजल्यावर..."

"दहाव्या," खाटेवरून काकू म्हणाल्या. वातीवरून नजर न उचलता. "अन् बटलरचं नाव नाई सांगितलं तुमी."

"हो का? दहावा का? बरं झालं सांगितलं."

आम्ही रोज जाऊ लागलो. माझ्या एक लक्षात आलं. काकाजींची खोली दर दिवशी मजला बदलायची. सोमवारी सहावा, मंगळवारी चौथा. फळांच्या टोपलीत कधी सीताफळ, कधी बोरं. काकू दर वेळी दुरुस्त करायच्या, "सीताफळ कुठचं? किवी व्हते. आंबट. तुमी थुंकले." मला वाटलं, म्हातारा थापाड्या आहे. आमच्या ह्यांचा मात्र जीव खालीवर व्हायला लागला. चुकीचा आकडा कानावर पडला की त्यांना अन्न गोड लागत नाही.

एका संध्याकाळी काकाजी म्हणाले, "आमची खोली आठव्या..."

"दहाव्या!" हे उसळलेच. "काकाजी, कालच काकू म्हणाल्या ना? मी मोबाइलवर त्या बोटीचा नकाशाही पाहिला. आठव्यावर सुईट नाहीतच मुळी!"

काकूंनी नुकतंच उघडलेलं तोंड परत मिटलं. वात हातातच राहिली. त्या संध्याकाळी त्या पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत.

काकाजी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, माफी मागतील. ते भडकले होते. "मास्तर, तुमाले कोणं इचारलं? मले माहीत नाई का दहावा हाये ते?" मग आवाज एकदम खाली आला. "मी बरोबर सांगितलं तं थे गप राह्यते. चुकलो का बोलते. काहीच आठवत नाई तिले, पण बोटीचं चुकलं का आठवते. दिवसभरात माह्याशी तेवढंच बोलते. म्हून मी मुद्दाम चुकून राह्यलो."

हे घरी येऊन जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमचे मास्तर, ज्यांनी आयुष्यात कोणाचा पाव मार्क सोडला नाही, ओसरीवर मांडी घालून मुकाट चुका ऐकायला लागले. चौथ्या दिवशी तर स्वतःच म्हणाले, "काकू, बोटीला चाकं किती असतात हो?" काकू इतक्या हसल्या की वातींचा ढीग सांडला. मी तर ह्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस चुकीचं बोलून इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही क्रूझला गेलो. काय सांगू, काकाजींचा शब्द न् शब्द खरा निघाला. मुंबईच्या बंदरावर आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोठ्या बॅगेतून पुढं निघून गेल्या. माझ्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या. भोंगा वाजला तेव्हा बाकीचे कावरेबावरे झाले, आम्ही दोघं शहाण्यासारखे ठरल्या जागी जाऊन उभे. बटलरनं विचारलं, "आणखी काही, मॅडम?" मी न लाजता चहा मागितला. मग बाल्कनीत बसले. समोर नुसतं पाणीच पाणी. बाजूला हे, हातात कप. पोरीचे उपकार वाटले, ते तर वाटणारच. पण त्या घटकेला मला सगळ्यांत जास्त उपकार वाटले ते काकाजींचे. त्यांनी शिकवलं नसतं तर मी त्या झगमगाटात बावरून कोपऱ्यात बसले असते. घर सोडून पहिल्यांदाच इतकी निवांत बसले होते मी.

परत आलो त्याच संध्याकाळी पेढे घेऊन गेलो. काकाजी फाटकाशीच भेटले. कार्ड गळ्यात होतं, पण चेहरा उतरलेला.

"तुमी गेल्यापासून बोलली नाई," ते म्हणाले. "सारे मजले सांगून झाले. काहीच नाई."

आम्ही बसलो. काकू भिंतीकडे बघत होत्या. वाती नव्हत्या हातात. काकाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. "आमची खोली पाचव्या मजल्यावर." काही नाही. ह्यांनी घसा खाकरला. "काकू, आम्हाला टोपलीत वांगी दिली." काही नाही. मी म्हणाले, "बटलरला मराठी येत होतं." काकूंची पापणीसुद्धा हलली नाही.

काकाजी थकले. त्यांनी नाद सोडला आणि सरळ माझ्याशी बोलायला लागले, काही युक्ती नाही, काही नाही. "जाऊ दे. तुमाले लाईन तं नाई ना लागली? सुईटवाले पयले चढते. आमी बी साऱ्याच्या आधी चढलो, राजावानी."

"खोटं."

आम्ही तिघंही दचकलो. काकू काकाजींकडेच बघत होत्या.

"पयले कुठचे चढले? बोटीवरल्या पोरानं इकडून या म्हटलं तं हे दाराशी उभे राह्यले. कंडक्टरची सवय ना मेली. या माय, या बाबू, पुढं सरका. सारी बोट चढवली यायनं. मी वर जाऊन पाह्यलं तं हे खालीच. मंग मी उतरली. हात धरून वर आणलं."

काकाजींचं तोंड उघडंच राहिलं. ही गोष्ट त्यांनी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितली नव्हती. आणि ह्या खेपेला ते मुद्दाम चुकलेही नव्हते. नुसती बढाई मारत होते.

"आठवते तुले?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझा हात ओढून मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, "बाई, मी नसली तं यायच्याकडे ध्यान देजो. हा माणूस साऱ्यायले चढवते अन् सोता खालीच राह्यते."