वच्छलाबाईंच्या खोलीतलं जंगल

अतुलनं आईच्या खोलीत जंगल बसवायला नागपूरहून माणूस आणला, तेव्हा वच्छलाबाईंनी त्या माणसाला पाणी विचारायच्या आधी लेकाला विचारलं, "मागची वाडी कोणाले इकली?"

कोणालाच नाही, असं अतुल म्हणाला. ते त्यांना पटलं नाही. कोणी फुकटात भाजी दिली तर आधी ती उलटून पाहावी, एवढं शहाणपण चौऱ्याहत्तर वर्षांत येतंच. बाहेरची हिरवळ घरात येऊन राहिली, म्हणजे बाहेरच्या हिरवळीची काहीतरी विल्हेवाट ठरली असणार. लाखांदुरात घराला लागून, मागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर पोसलेली अशी वाडी आता कितीजणांकडे उरली होती? वांगी, वाल, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तर होतंच, पण त्या जागेत दोन प्लॉटही आरामात पडले असते.

दिवाळीआधी वाडीच्या तीन पायऱ्या उतरताना वच्छलाबाई घसरल्या आणि गुडघा दुखावला. डॉक्टरनं महिनाभर जपा म्हटलं. अतुलनं तो महिना ओढून ओढून चार महिन्यांचा केला आणि मागच्या दाराला कडी घातली. मग सून प्रतिक्षा, जी शाळेत शिकवते आणि घरीही शिकवते, तिनं मोबाईलवर वाचलं की म्हाताऱ्या माणसांना घरातच झाडं, पाखरं आणि सकाळचा उजेड मिळाला तर त्यांचा जीव रमतो. माझा जीव कुठं रमते हे मोबाईलले इचारलं, मले नाही, असं वच्छलाबाईंनी शेजारच्या सखाबाईला दोन भिंतींपलीकडे ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं.

नागपूरचा माणूस म्हणजे अश्वजित, कंपनीचा कोवळा पोरगा. त्यानं दिवसभरात एका भिंतीला कप्पे ठोकून त्यांत ओवा, पुदिना आणि कसली कसली रोपं लावली. त्यांना नळीतून आपोआप पाणी. समोरच्या भिंतीवर खिडकीएवढा पडदा, त्यात जंगल हलत होतं. छताचा दिवा सकाळी हळूहळू उजळणार, संध्याकाळी मंदावणार. पाखरं एका डब्यातून बोलणार. वच्छलाबाई खाटेवर बसून सगळं पाहत होत्या. काम करता करता तो पोरगा मागचं दार उघडून वाडीकडे दोनदा टक लावून उभा राहिला, हेही त्यांनी पाहून ठेवलं.

"अन् हा लाल दिवा कायचा?"

"आजी, तुम्ही खोलीत हालल्या की त्याले समजते. बराच वेळ हालचाल नसली की अतुलभाऊच्या मोबाईलवर निरोप जाते."

"म्हणजे मी जित्ती हाय का नाही, हे आता भिंत सांगन."

अश्वजित हसला. वच्छलाबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेक-सून कामावर गेल्याबरोबर त्यांनी मागची कडी काढली आणि वाडीत उतरल्या. वालाच्या शेंगा तोडून होतात न होतात तोच घरात फोन वाजू लागला. आई, तू ठीक आहेस ना, खोलीत हालचाल दिसत नाही, असं अतुल विचारत होता. झोपली होती, म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण आता खात्री पटली. हा दिवा त्यांना वाडीपासून तोडायलाच बसवला होता. चार महिने पाय पडला नाही की म्हातारी विसरली म्हणतील, आणि मोजणीवाला येईल.

सखाबाईचा नवरा बोडीत मासे धरायचा. तिच्याकडे एक बकरी होती, जी एका जागी घटकाभर उभी राहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दोघींनी विचार केला. दिव्याला हालचालच पाहिजे ना? कोणाची, हे त्यानं थोडंच विचारलंय?

तेव्हापासून रोज दहा वाजता बकरी खोलीत आणि वच्छलाबाई वाडीत. संध्याकाळी पाच वाजता दोघी आपापल्या जागी. पहिल्याच दिवशी अतुलच्या मोबाईलवर आलं, 'हालचाल : उत्तम'. आठ दिवसांत ते 'अतिउत्तम' झालं. अतुल ऑफिसात चार लोकांना ते दाखवू लागला. जंगलानं आईचा गुडघा सुधारला, असं तो सांगायचा, आणि लोक आपापल्या आईचा विचार करून कंपनीचा नंबर मागायचे.

अडचण भिंतीची झाली. बकरीनं खालची पूर्ण ओळ साफ केली. प्रतिक्षानं विचारलं तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, ओव्याच्या पानांचे भजे केले. एकटीनंच खाल्ले? एकटीनंच. प्रतिक्षानं तेलाचा डबा उचलून पाहिला. तेल जिथल्या तिथं होतं. मग तिला खाटेखाली काळे काळे गोल दाणे दिसले.

"आई, हे काय आहे?"

"त्या पोराच्या कंपनीचं खत," वच्छलाबाई म्हणाल्या.

प्रतिक्षानं ते दाणे वेचून कप्प्याकप्प्यात घातले. रोपं अशी तरारली की तिनं कंपनीला फोन करून खताचं नाव विचारलं.

आम्ही खत देतच नाही, असं कंपनीनं सांगितलं. त्यात आकड्यांचंही नवल. दहा ते पाच एक मिनिट न बसता फिरणारी आजी कंपनीकडे दुसरी नव्हती. म्हणून अशा आजीचं चित्रण करायला बुधवारी भर दुपारी अश्वजित कॅमेरा घेऊन आला, सोबत ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून अतुल. आईला अचानक खूश करायचं होतं.

दार उघडलं. खाटेवर, वच्छलाबाईंच्या गोधडीवर, बकरी चारही पायांवर उभी होती आणि पडद्यातलं जंगल पाहत पुदिना चावत होती. लाल दिवा आनंदानं लुकलुकत होता.

अतुल मागच्या दारानं धावला. वच्छलाबाई वांग्यांच्या ओळीत बसून गवत काढत होत्या. त्यांनी मान वर केली, आधी लेकाकडे आणि मग कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आणला मोजणीवाला?"

"कायची मोजणी, आई? वाडी कोणी इकून नाही राहिलं. तू पडली तं मले भेव वाटते. एवढंच."

वच्छलाबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. खोटं बोलताना तो लहानपणापासून कान खाजवायचा. हात खालीच होता.

"पडीन तं माह्या वांग्यात पडीन," त्या म्हणाल्या. "पुदिना लावलेल्या भिंतीखाली मरायची हौस नाही मले. पायऱ्यांले धराले पाइप लाव. जंगल काढून नेलं तरी चालते."

अतुलनं मान हलवली. मग खाली बसून तोही गवत उपटू लागला, आणि दोनदा वांग्याचं रोपच उपटलं म्हणून बोलणी खाल्ली.

अश्वजितनं तोवर विचारून टाकलं. आजी, पहिल्या दिवसापासून माझी नजर या वाडीवर आहे. शहरातले म्हातारे जंगलाला कंटाळतात, त्यांना घरामागची वाडी पाहिजे. कॅमेऱ्यानं तिचं चित्र काढून त्यांच्या पडद्यांवर दाखवू का? वच्छलाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर होकार दिला. चित्रात त्या स्वतः वाडीत बसलेल्या असतील. धन्याशिवाय वाडी कोणाच्या घरी जाणार नाही.

पायऱ्यांना पाइप लागला. महिन्याभरानं अश्वजितचा फोन आला. वाडी नागपूरच्या अकरा घरांत लागली होती, लोक खूश होते. फक्त एका निवृत्त साहेबांची तक्रार होती. चित्रातल्या बाई दिवसभर त्यांच्याकडे संशयानं पाहतात, जसं काही ते वांगी चोरणार आहेत. बाईंशिवाय पुन्हा चित्र काढता येईल का?

"तो मानूस बसते कुठं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पडद्याला खुर्ची लावून, आजी. एकदम वांग्यांजवळ."

"मंग राहू दे माह्यं चित्र तसंच," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून वांगी मोजायला वाडीत उतरल्या.