होडीला ठिबक

शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या ठिबकाला हात लावावा तो महादेवरावांनी, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा महादेवराव जास्त म्हणत. मग सुनेच्या होडीला भोक पाडायचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार?

सुनेनं, म्हणजे दामिनीनं, शेततळ्यात मासे सोडले होते. चार दिवसांपासून ते सकाळी वर येऊन तोंडं उघडत होते. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"मामाजी, पान्यातली हवा कमी झाली. मोटर लावून तळ्याचंच पानी उंचावरून तळ्यात पाडा."

"पान्यात पानी टाकू? गाव हासन मले! पयले आकडा दाखव."

म्हणून तिनं पाण्यातल्या हवेचा आकडा सांगणारा सेन्सर मैत्रिणीकडून मागून आणला. सेन्सर खोल पाण्यात, त्याची डबी होडीत आणि आकडा दामिनीच्या मोबाइलवर. पण होडीच्या काठावरून सोडलेली वायर वल्ह्यात अडकायची. महादेवरावांनी सरळ होडीच्या बुडाला ड्रिल लावलं, भोकात ठिबकाचं रबरी बूच बसवलं आणि त्यातून वायर खाली सोडली.

"अवो, गळन ते," त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या.

"तीस वर्सं झाले नळ्यायले भोकं पाडून राहिलो. थेंब तरी गळला का?"

खरंच गळला नव्हता. पण नळीत पाणी आतून बाहेर रेटतं. होडीत ते बाहेरून आत रेटतं. महादेवराव होडी वल्हवत तळ्याच्या मधोमध गेले, तोच बूच फट्टकन उडालं आणि त्यांच्या मांडीवर येऊन बसलं. मागोमाग पाणी आलं. त्यांनी भोकात अंगठा घातला, मग खांद्यावरचा दुपट्टा कोंबला. टोकांना थर्माकोल होता म्हणून होडी तळाशी गेली नाही. काठोकाठ भरून तिथंच डुलत राहिली. बायकोनं बळंच कमरेला अडकवलेली ट्यूब सांभाळत, डबी डोक्यावर धरून महादेवराव पाण्यात लाथा झाडू लागले.

"दामिनी! दोर टाक!"

दामिनी काठावरून मोबाइलकडे बघतच ओरडली, "मामाजी, अडीचचा तीन झाला! अजून पाय हाना!"

"मी बुडून राहिलो, पोरी!"

"ट्यूब हाये कमरेले, बुडत नाई तुमी," वच्छलाबाई म्हणाल्या. "सून म्हनते तसे पाय हाना!"

रागाच्या भरात त्यांनी असे पाय हाणले की आकडा साडेतीनवर गेला. दमून थांबले, तो खाली आला. पुन्हा हाणले, पुन्हा चढला.

"मोटर लाव," महादेवराव म्हणाले.

"पयले दोर पकडा, बाहीर या!" दामिनीनं दोर फेकला.

बाहेर येऊन, ओल्या कपड्यांनीच त्यांनी स्वतः मोटर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही मासा तोंड उघडत वर आला नाही. दामिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

होडीचं तेवढं राहिलं होतं. वच्छलाबाईंनी हातभर पाइप आणून दिला. "भोकावर हा उभा चिकटवा, वायर यातून सोडा. तळ्याचं पानी तळ्याच्या वर चढते का?"

नाही चढलं. पाइपात तळ्याच्या पातळीला येऊन गुमान थांबलं. तीस वर्षांच्या अनुभवी माणसानं ते तीनदा वाकून पाहिलं.

तेवढ्यात शेजारचे जानराव बांधावर येऊन खो खो हसायला लागले. "काय महादेवराव, पान्यात पानी टाकून राहिले?"

महादेवरावांनी सुनेचा मोबाइल त्यांच्या नाकापुढे धरला.

"हासू नको. पयले आकडा पाह्य."