पाहिल्याचा पंचनामा

हसनाबादच्या वंदनाचा ज्वारीचे बियाणे साठवण्यावरचा प्रबंध शनिवारी पाचपर्यंत जालन्याच्या महाविद्यालयात दाखल होणे आवश्यक होते. अन्यथा सहा वर्षांची नोंदणी आपोआप रद्द होणार होती. प्रबंध तयार होता. फक्त संदर्भसूचीतल्या एका ऑनलाइन लेखापुढचा 'पाहिल्याचा दिनांक' विनापुरावा होता.

नव्या परिपत्रकानुसार ऑनलाइन लेख आज असतो, उद्या नसतो. सबब तो पाहताना दोन पंच, पंचनामा आणि ठिकाण दाखवणारा फोटो अनिवार्य होता.

शनिवारी दुपारी महाविद्यालयाच्या कॅन्टीनचा कचरू एक पंच झाला. दुसऱ्या पंच वंदनाच्या मावशी द्वारकाबाई, इथल्याच निवृत्त ग्रंथपाल. कुठले पुस्तक कोणत्या कपाटात, कोणी कधी नेले आणि कोणी भिजवून परत आणले, हे त्यांना अजून तोंडपाठ होते. लेख समोर आला म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि जुन्या सवयीने वाचायला घेतला.

"अगं वंदे, बी ओल्या राखेत मुरवा म्हणतोय हा! सडंल की. माझी आई कोरडी राख चाळून घ्यायची."

"ठाऊक हाय मावशी. मी करून पाह्यलं. शंभरातले अकरा दाणे उगवले."

"मंग ते लिहिलं का न्हाई?"

"लिहिल्तं तिनं," मार्गदर्शक बद्रीनाथ सर म्हणाले. "मीच काढायला लावलं. त्याला संदर्भ नव्हता."

"तिनं सोता केलं ना?"

"म्हणूनच. आणि तुमच्या आईंचा काही क्रमांक आहे का? लेखाला असतो तसा?"

"रेशनकार्डाचा होता."

कचरू फिस्सकन हसला. 'पंच क्रमांक एक यांनी गांभीर्य राखले नाही,' अशी नोंद सरांनी तत्काळ घेतली.

"लेख चूक हाय, असं लिहून सही करते," द्वारकाबाई म्हणाल्या.

"करा की. पण मंग तुम्ही तो वाचला असं सिद्ध होतं. नियमात पंचांनी फक्त पाह्यचं असतं. वाचला, की पंचनामा बाद."

पावणेपाच झाले होते. वंदनाने फोटोसाठी फोन वर धरला. द्वारकाबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि सही केली.

वंदना डॉक्टर झाली. प्रबंध संकेतस्थळावर चढला. त्यावरून कोणीतरी ओल्या राखेचे महत्त्व सांगणारे पत्रक काढले, खाली संदर्भ म्हणून डॉ. वंदनाचे नाव. पेरणीच्या आधी ते हसनाबादपासून आष्टीपर्यंत फोनाफोनांतून फिरले. आपल्यालाही आले असेल. आपण त्यावर अंगठा उमटवून ते चार गटांत पुढेही पाठवले असेल. ते वाचल्याचा आरोप मात्र आपल्यावर कोणी करणार नाही.