अँड वाइफ

इस्माईलभाईंना नुसतं नाव सांगून भागत नाही. पहिल्या भेटीत मी "जोशी" म्हणालो, तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "इस्पेलिंग?"

म्हटलं, मला पाटी करायची नाहीये, मी तुमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलोय.

"असू दे. उद्या लागली तर?"

एस आधी की एच, याची खात्री झाल्यावरच त्यांनी हात मिळवला.

हे गृहस्थ मूळचे श्रीवर्धनकडचे. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पितळी पाट्या कोरतात. दारावरच्या, पंपावरच्या, बोटीवरच्या. माझ्या मुलीला जिन्यात अडवून रोज एका शब्दाचं इस्पेलिंग विचारतात. ती इंग्रजीत उत्तर देते, ते कोकणीत शाबासकी देतात, आणि दोघंही खूश असतात.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे इथल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतून काम आलं. हंगेरीच्या कुठल्याशा सरदार घराण्यातला एक फौजी अधिकारी आणि त्याची बायको तिथे एकाच दगडाखाली आहेत. ती दोघं बहारीनला कशी पोचली, कुणाला ठाऊक नाही. त्यांची पाटी खाऱ्या हवेने खाल्ली होती, तशीच नवी हवी होती. मजकूर असा: आधी हुद्दा, मग किताब, मग इश्तवान हे नाव, मग पाटीत मावता मावणार नाही असं आडनाव, आणि शेवटी "अँड वाइफ".

इस्माईलभाईंनी कागद परत केला.

"ह्या काय नाव झाला? लोका बोटीला पण नाव देतात!"

"भाई, जैसा है वैसा बनाओ," काम घेऊन आलेले दफनभूमीचे फादर म्हणाले.

"नाव मिलेगा तो बनायेगा. नाय तर मफी, काम नाय."

नाव शोधायचं कुणी? अर्थात मी. कारण माझं इंग्रजी. मग रोज ऑफिसातून आलो की इस्माईलभाई दारात हजर. हंगेरीतल्या जेवढ्या चर्चचे पत्ते सापडले, तेवढ्यांना मी ईमेल पाठवले. बायको म्हणाली, "सख्ख्या भावाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत तुम्ही." मी दोनदा काम सोडलं. दोन्ही वेळा इस्माईलभाई बोंबलाचं लोणचं घेऊन आले, आणि आम्ही जोशी असूनही ते घरात फार आवडतं.

चार महिन्यांनी एका चर्चमधल्या बाईंनी जुन्या नोंदवहीचा फोटो पाठवला. मी वाचलं, "इश्तवानने."

"इश्तवाननी काय केला?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"अहो, नाव आहे ते! बायकोचं!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी कोरली. भोवती वेलबुट्टीसुद्धा काढली, जी फुकट होती. मी कौतुकाने बाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: पाटी सुरेख आहे, पण आमच्याकडे नवऱ्याच्या नावापुढे 'ने' लावतात. त्याचा अर्थ, इश्तवानची बायको.

इस्माईलभाई माझ्याकडे बघतच राहिले.

"म्हंजे परत अँड वाइफच?"

पाटी त्यांनी पिशवीत कोंबली. मला वाटलं, आता तरी नाद सोडतील. पण पेन्सिल कानावरच होती.

"लिवा परत. आईबाप तिला काय म्हणून हाक मारीत, ता इचारा."

हा प्रश्न बरोबर लागू पडला. बाईंनी बाप्तिस्म्याची वही काढली. इलोना. इंग्रजीत पाच अक्षरं, आणि त्यांच्यासाठी सहा महिने.

एका शुक्रवारी सकाळी नवी पाटी बसली. फादर प्रार्थना करून गेले. इस्माईलभाईंनी मोठ्याने वाचलं, "इलोना." मग पुन्हा एकदा.

"खलास," मी म्हणालो. "चला, चहा घेऊ."

ते उठेनात. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गावी वारली, एवढं मला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"बत्तीस वर्षा मी तिला 'अगो' बोललो," ते म्हणाले. "गावशून फोन आला तवा मी ड्युटीवर. मशिदीच्या वहीत लिवायला मुन्शीनी फोनवरच नाव इचारला. माझ्या तोंडात येयना, जोशीसाहेब. मी बोललो, सलीमची आई. त्यानी ताच लिवला."

मला फार वाईट वाटलं. सहा महिने केलेली कुरकुर आठवून लाजही वाटली.

"मग तिच्यासाठी पाटी करा की."

"आमच्यात कबरीवर पाटी लावीत नाय."

"गावच्या घराच्या दारावर लावतात ना?"

मी त्यांच्या पिशवीतून ती फसलेली पाटी काढली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"नाव?" मी विचारलं.

त्यांनी कोऱ्या पितळेवरून अंगठा फिरवला.

"जैतून," इस्माईलभाई म्हणाले.

मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली.

"इस्पेलिंग?"